पुनावळ्याचा फ्लॅट आणि साडेआठ लाखांचं व्याज

२०२१ च्या दिवाळीत आमच्याकडे दहा लाखांच्या मुदत ठेवी होत्या आणि चिंचवडच्या राहत्या घराचं कर्ज निम्म्याच्या खाली आलं होतं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता. ठेवीवर साडेपाच टक्क्यांच्या आत व्याज मिळत होतं आणि गृहकर्ज सात टक्क्यांच्या आत. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, नवरा हिंजवडीला आयटीत. तिकडे भाडेकरू मिळायला चार दिवस लागत नाहीत, हे तो रोज ऑफिसातून ऐकून यायचा. हिंजवडीजवळच्या पुनावळ्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा, असं ठरलं.

तीन प्रकल्प पाहिले. त्यातल्या एका ठिकाणी सेल्सच्या मुलीने कागदावर मोठा शून्य काढून दाखवला. ताबा मिळेपर्यंत तुम्हाला एक रुपया हप्ता नाही, बँकेचं व्याज कंपनी भरणार. मला ते फार आवडलं. आम्ही टोकन देणारच होतो. पण त्याच रविवारी कराडहून मामा आले होते. ते बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेत. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आगं, कर्ज कुणाच्या नावावर चढतंय?"

"आमच्या."

"मग बिल्डर हप्ता भरायचा थांबला तर बँकेचा माणूस कुणाच्या दारात येईल?"

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. अशा योजनेत बँक तुमच्या नावावरचं कर्ज सुरुवातीलाच मोठ्या रकमेत बिल्डरला देते. इमारत पायाच्या वर आलेली नसते, पण तुमच्या डोक्यावर पूर्ण कर्ज बसतं. बिल्डरकडे पैसे आहेत तोवर तो व्याज भरतो. थांबला की थकबाकी तुमची, खराब होणारा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तुमचा. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावलं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसारच सोडा. जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजना देण्यापासून दूर राहायला सांगितलं. तरी नाव बदलून त्या येतच राहतात. नोएडा आणि आसपासच्या हजारो लोकांचं यात काय झालं, ते पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला लावली. ते वाचताना मला त्या कागदावरचा शून्य आठवत होता.

आम्ही दुसरा प्रकल्प घेतला, बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे देण्याचा. किंमत ६२ लाख.

इथे पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे ६२ लाखांचा फ्लॅट ६२ लाखांत येत नाही. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख १० हजार. मुद्रांक शुल्क पुण्यात तेव्हा ६ टक्के होतं. फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सूट, म्हणून फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला आणि ३ लाख १० हजार भरले. नोंदणी फी ३० हजार. म्हणजे साडेअडुसष्ट लाख. यातलं बँक काय देणार? ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. आम्हाला ४९ लाख मंजूर झाले. उरलेले साडेएकोणीस लाख आमचे आम्ही उभे करायचे. ठेवी मोडल्या, नवऱ्याचा बोनस घातला, तरी सहा लाख कमी पडत होते.

ते सहा लाख आम्ही राहत्या घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज, म्हणून घेतले. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, सगळ्यात मोठी चूक हीच. पुनावळ्याच्या फ्लॅटचं कर्ज बँकेचं होतं, पण राहत्या घराचं कर्ज एका गृहवित्त कंपनीचं होतं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरकर्जाचा बदलता दर रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणं बंधनकारक आहे. गृहवित्त कंपन्यांना ते नाही. त्या आपला स्वतःचा मूळ दर ठरवतात. दर चढताना तो लगेच चढला, उतरताना मात्र आम्हाला पत्रामागून पत्र लिहावं लागलं. टॉप-अपचा दर सुरुवातीला ९.१ टक्के होता आणि दहा वर्षांचा हप्ता ७,६०० रुपये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गुंतवणुकीच्या फ्लॅटसाठी आम्ही राहतं घर गहाणात आणखी खोल ढकललं होतं. मुलं ज्या खोलीत झोपतात ती खोली त्या सहा लाखांना तारण होती. ते तेव्हा एका फॉर्मवरच्या सहीइतकंच वाटलं.

बाईच्या नावावरच्या सवलतीबद्दलही एक सांगायला हवं. ६२ हजार वाचले हे खरं, पण त्या वेळच्या अटीनुसार असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या फ्लॅटला ही केवढी मोठी अट! सही करताना मला ती कुणी सांगितली नाही, मी शासनाच्या आदेशात नंतर वाचली. २०२३ मध्ये ती अट काढून टाकली, म्हणून मी सुटले. आणि नवरा कर्जात सहकर्जदार असला तरी मालक नसल्यामुळे त्याला व्याजावर करसवलत घेता येत नाही, हेही तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजुरीपत्र हातात आलं. दर ६.९ टक्के, म्हणजे रेपो ४ अधिक बँकेचं अंतर, म्हणजे बँक रेपोवर लावते तो जादा टक्का, २.९. मग बँकेच्या वकिलांची शंका आली. महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर बोजाची नोंद होती. बिल्डरने बांधकामासाठी एका वित्त कंपनीकडून कर्ज घेतलेलं होतं आणि अख्खी इमारत तिच्याकडे गहाण होती. आमच्या फ्लॅटपुरतं त्या कंपनीचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय आमची बँक रुपया सोडणार नव्हती. मला धक्का बसला. ज्या फ्लॅटचे पैसे मी देणार, तो आधीच दुसऱ्याकडे गहाण. मामा म्हणाले, बहुतेक इमारतींचं असंच असतं, फक्त पत्र घेतल्याशिवाय पुढे जाऊ नको आणि पैसे त्या पत्रात लिहिलेल्या खात्यातच जातायत ना ते दर वेळी बघ. पत्राला पाच आठवडे लागले. तिकडे १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात मेट्रोचा १ टक्का अधिभार लागू होणार होता. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मार्चअखेर मुंगीला शिरायला जागा नव्हती. करार २९ मार्चला नोंदवला. त्यातली ताब्याची तारीख होती डिसेंबर २०२४. साइट ऑफिसमध्ये तोंडी सांगितलेली होती डिसेंबर २०२३. मी तोंडी तारखेवर भाड्याचा हिशेब मांडला होता.

पाडव्याला आनंदाने गुढी उभारली. पुढच्याच महिन्यात, ४ मे रोजी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीशिवाय रेपो दर ४.४० केला. जूनमध्ये ४.९०. ऑगस्टमध्ये ५.४०, सप्टेंबरमध्ये ५.९०, डिसेंबरमध्ये ६.२५. फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के. आमचा दर ६.९ वरून ९.४.

तेव्हा बँकेने निम्म्याहून कमी रक्कम सोडली होती, त्यामुळे आम्ही फक्त सोडलेल्या रकमेवरचं व्याज, म्हणजे प्री-ईएमआय भरत होतो. महिन्याचे बारा हजार. झळ बसत नव्हती. एका रात्री मुलं झोपल्यावर मी पुढचा हिशेब मांडला. ४९ लाखांवर ६.९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३७,७०० च्या आसपास येतो. मी घराच्या खर्चात हाच आकडा बसवला होता. आता ९.४ टक्क्यांनी ४९ लाखांचं महिन्याचं नुसतं व्याज किती, ते काढलं. ३८,३८०. म्हणजे ज्या हप्त्यावर मी सगळी गणितं केली होती, त्या हप्त्यात आता व्याजसुद्धा फिटलं नसतं, मुद्दल तर जागच्या जागी. मी तीनदा आकडे ताडून पाहिले. लोक म्हणतात, दर वाढला तर मुदत वाढते, हप्ता तोच राहतो. एका मर्यादेपलीकडे मुदत कितीही वाढवली तरी भागत नाही आणि बँक हप्ताच वाढवते. आमचा ४५,३५० होणार होता. त्यातून प्री-ईएमआय हे बारा हजारांवर थांबणारं नव्हतं. जसजसे स्लॅब पडत गेले तसतसं ते चढत गेलं आणि २०२४ च्या दिवाळीत ३१ हजारांवर पोचलं. या पैशातून कर्जाचा एक रुपयाही कमी होत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलताना कर्जदाराला कळवायचं, आणि हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, हे त्याला निवडू द्यायचं. तेव्हाच्या नियमात स्थिर दराकडे जाण्याचा पर्यायही द्यायचा होता. आमचा पूर्ण हप्ता तेव्हा सुरू झालेला नव्हता, पण टॉप-अपच्या कर्जात आम्ही तो नियम दाखवला तेव्हा समजलं की आमची मुदत न विचारता दहा वर्षांवरून चौदावर गेली होती. स्टेटमेंटमध्ये होतं, पण आम्ही दर महिन्याला फक्त हप्ता कापला गेला एवढंच पाहत होतो.

एक गोष्ट मात्र बँकेमुळे वाचली. २०२३ च्या पावसाळ्यात बिल्डरचं मागणीपत्र आलं, अकराव्या स्लॅबचं, सोबत आर्किटेक्टचं प्रमाणपत्र. बँकेच्या इंजिनिअरने जागेवर जाऊन पाहिलं तर नववा भरला होता. बँकेने पैसे रोखले. बिल्डरकडून उशिराच्या व्याजाची नोटीस मला आली. मी इंजिनिअरच्या अहवालाची प्रत जोडून उत्तर दिलं, नोटीस मागे घेतली गेली. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी स्वतः जाऊन इमारतीचे मजले मोजत असे आणि फोटो काढून ठेवत असे. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. शून्य-हप्ता योजनेत पैसे आधीच गेलेले असते, मग हे रोखणार कोण होतं? आणखी एक, ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला बिल्डरला दिलेल्या प्रत्येक रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, खरेदीदाराने कापून भरायचा असतो, बँकेने थेट सोडलेल्या रकमेवरसुद्धा. एका टप्प्याला माझा तो फॉर्म राहून गेला आणि दिवसाला २०० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क भरावं लागलं.

जानेवारी २०२४ मध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याचा सगळा विभागच बंद केला.

ते साडेतीन महिने मी कुणाला फारसे सांगितलेले नाहीत. राहत्या घराचा हप्ता, टॉप-अप, प्री-ईएमआय, मुलांची फी, आणि पगार एक. आमच्याकडे फक्त दीड महिन्याचा खर्च बाजूला होता, कारण बाकी सगळं फ्लॅटमध्ये गेलं होतं. मार्चमध्ये एक हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला. बँकेतून फोन आला तेव्हा मी कंपनीत लाइनवर उभी होते. ९० दिवस थकलं की कर्ज बुडीत धरतात, मग सरफेसी, म्हणजे बँकेला तारण जप्त करू देणाऱ्या, कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते, हे मला पाठ झालं होतं. शेवटी माझ्या पाटल्या आणि लग्नातला हार, सहा तोळे, सोनेतारणाला ठेवून दोन लाख उचलले. पर्सनल लोनपेक्षा ते स्वस्त होतं आणि एका दुपारी मिळालं. सासूबाईंना सांगायला मी घाबरत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःच्या चार बांगड्या माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "लागल्या तर ह्याही घेऊन जा. घरातच आहेत म्हणजे काय कामाच्या?" त्या न्याव्या लागल्या नाहीत. मेमध्ये नवऱ्याला काम मिळालं, आधीपेक्षा थोडं कमी पगाराचं. पाटल्या दसऱ्याला सोडवून आणल्या.

डिसेंबर २०२४ गेला, ताबा नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे कराराच्या तारखेनंतरच्या प्रत्येक महिन्याचं, भरलेल्या रकमेवरचं व्याज बिल्डरने द्यायचं असतं. महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेने स्वतः ठरवलेला कर्जाचा मूळ दर) अधिक २ टक्के या दराने. आम्ही काही जणांनी पाच पाच हजार फी भरून महारेराकडे तक्रारी केल्या. हिशेबाने माझे चार लाखांच्या आसपास निघत होते. प्रकरण तिथल्या सलोखा मंचाकडे, म्हणजे तडजोडीसाठी, गेलं. बिल्डरने दोन वर्षांचा देखभाल खर्च आणि काही इतर आकार माफ केले, सगळे मिळून पावणेदोन लाख. मी मान्य केलं. पूर्ण रकमेचा आदेश मिळाला असता कदाचित, पण आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यात वसुलीचं वॉरंट, जिल्हाधिकारी कार्यालय असा लांबचा पल्ला असतो, आणि मला दर महिन्याला ३४ हजार व्याज जात होतं. शेजारच्या वहिनींनी मान्य केलं नाही, त्या अजून लढतायत. त्यांचंही बरोबर आहे.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, आलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या आठवडाभर आधी, किल्ली मिळाली. तोवर आम्ही साडेआठ लाख रुपये नुसतं व्याज भरलं होतं. पूर्ण हप्ता सुरू झाला तेव्हा रेपो ५.५० वर उतरला होता, आमचा दर ८.४. पण त्याच बँकेच्या दारावर नव्या ग्राहकांसाठी त्याहून बराच कमी दर लिहिलेला होता. रेपो सगळ्यांना एकच, फरक त्यावरच्या अंतरात. आमचं २.९ हे २०२२ चं होतं आणि कुणी आपण होऊन ते कमी करत नाही. मी दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र आणलं. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे हलण्याची धमकी खरी होती. महिनाभर खेपा घातल्यावर, थोडी फी घेऊन, अंतर २.२५ झालं. दर ७.७५, हप्ता ४०,२००. डिसेंबरमध्ये रेपो ५.२५ झाला तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं मी लेखी दिलं.

१ नोव्हेंबरला भाडेकरू आले, २२ हजारांवर. ट्रॉल्या, ग्रील, पंखे, गिझर यांत अडीच लाख गेले होते. महिन्याला अठरा हजार खिशातून. कराचं सीएंनी सांगितलं ते असं: भाड्यातून ३० टक्के वजावट, मग सगळं व्याज, शिवाय ताब्याआधीचं व्याज पाच वर्षांत पाच समान भागांत. तोटा मोठा दिसतो, पण जुन्या करपद्धतीत पगाराच्या उत्पन्नातून वजा होतो जास्तीत जास्त २ लाख, आणि त्यातला काही भाग राहत्या घराच्या व्याजानेच खाल्लेला. नव्या करपद्धतीत तर तो पगारातून वजाच होत नाही. व्याजावर कर वाचतो, हे वाक्य मी बुकिंगच्या आधी किमान दहा जणांकडून ऐकलं होतं.

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत तसाच फ्लॅट ७८ लाखांना गेला. लोक मला म्हणतात, सोळा लाख सुटले. माझ्या वहीत खरेदी, कर, व्याज आणि ट्रॉल्या मिळून साडेएकोणऐंशी आहेत. फ्लॅट विकायचा नाही असं आम्ही ठरवलंय, निदान टॉप-अप फिटेपर्यंत. नवऱ्याचा या वर्षीचा बोनस पूर्ण त्यात जाणार आहे. चिंचवडचं घर आधी मोकळं करायचं.

आता माझ्या धाकट्या जावेला ताथवड्यात फ्लॅट बुक करायचाय, इमारतीचे सहा मजले झालेत. तिने माझ्याकडून वही मागून नेली. मी आधी एका कोऱ्या पानावर तिला चार रकाने आखून दिले: सगळे कर धरून लागणारी रक्कम, दर अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता, एक पगार थांबला तर किती महिने, आणि कराराच्या तारखेनंतर ताबा वर्षभर लांबला तर व्याज. पहिला, दुसरा आणि चौथा तिने त्याच रात्री भरून मला फोटो पाठवला. तिसऱ्यावर ती आणि दीर दोन आठवडे बोलतायत.